ट्युनिस: चार दिवस, सासूबाई आणि 'नुसते दगड' कार्थेज

उनाड_उमा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. नवरा गेले पाच महिने ट्युनिशियात स्फॅक्सला आहे, फॉस्फेटच्या कामावर. (तिकडचं फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल आपल्याकडे खतांसाठी येतं, हे त्याची बदली होईपर्यंत मला ठाऊकही नव्हतं.) एप्रिलमध्ये मी आणि साबा (सासूबाई) जातोय. चार दिवस राजधानी ट्युनिससाठी काढलेत.

धाकटा दीर क्रूझवरून तिथे अर्धा दिवस उतरला होता. त्याचं म्हणणं, "वहिनी, कार्थेजला जाऊ नकोस. नुसते दगड. हंपी बघितलेल्या माणसाला तिथे काय दिसणार?" कार्थेज म्हणजे ट्युनिसजवळचं प्राचीन शहर, रोमशी लढलेल्या सेनापती हॅनिबलचं. शाळेत त्याचे हत्ती वाचले तेव्हापासून माझ्या डोक्यात ते बसलंय. एक अख्खा दिवस घालवावा का तिथे? की जुनं शहरच नीट बघावं? साबा त्र्याहत्तरच्या, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. आणि हो, शाकाहारी.

बोकोबा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५५

देश ट्युनिशिया, राजधानी ट्युनिस, ताटात ट्युना. पाठांतराला सोपं. साबांच्या शाकाहाराला शुभेच्छा.

गावठी_इतिहासकार | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

दीर बरोबर बोलतोय. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जाळलं, नांगर फिरवला आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून जमिनीत मीठ पेरलं. आज तिथे जे उभं आहे ते बहुतेक सगळं रोमनांनी नंतर बांधलेलं. म्हणजे हॅनिबलचं गाव बघायला जायचं आणि त्याच्या वैऱ्याचं न्हाणीघर बघून यायचं. त्यापेक्षा बार्डो संग्रहालयात दिवस घालवा, पैसे वसूल होतील.

मीठभाकर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१०

माझं नाव कोणी घेतलं?

निवांत_काका | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०५

गावठीराव, जाळलं हे खरं. मीठ नाही. एकाही प्राचीन लेखकानं मिठाचा उल्लेख केलेला नाही. ती गोष्ट फार उशिरा, गेल्या शेदोनशे वर्षांत पुस्तकांत शिरली आणि इतकी चविष्ट निघाली की कोणी काढेना. बरं, रोमनांना तिथे काही उगवू द्यायचं नव्हतं म्हणावं, तर शंभर वर्षांनी सीझर आणि ऑगस्टसनं त्याच जागी नवं शहर कशाला वसवलं? पुढे त्याच मुलखातला गहू रोमच्या पोटात जात होता. खारट जमिनीत गहू पिकतो होय?

मात्र उमाताई, दीर म्हणतो ते 'नुसते दगड' का उरले हे कळलं तर बघण्यात मजा आहे. ६९८ मध्ये अरबांनी कार्थेज घेतलं आणि ते सोडून आतल्या बाजूला, सरोवराकाठच्या लहानशा ट्युनिसला मोठं केलं. समुद्रावरून कोणी चालून आलं तर हाताशी वेळ राहावा म्हणून. मग नव्या शहराला दगड कुठून? पंधरा किलोमीटरवर तयार घडवलेला ढीग पडला होता. बाराव्या शतकातला भूगोलकार इद्रिसी लिहितो की त्याच्या काळातही कार्थेजचा संगमरवर उकरून जहाजांत भरून परदेशी नेत होते. पाच-सहाशे वर्षं एका शहराचा खाणीसारखा वापर झाला. कार्थेज नाहीसं झालेलं नाही, ते घर बदलून ट्युनिसच्या मदिनात, म्हणजे जुन्या शहरात, राहायला गेलंय. झितूना मशिदीच्या प्रार्थनागृहात दीडशेच्या वर खांब आहेत, बरेचसे कार्थेजच्या अवशेषांतले. कुठला उंच, कुठला बुटका, माथे एकाचे दुसऱ्याला. म्हणून माझा सल्ला: आधी कार्थेज, मग मदिना. उलट केलंत तर गंमत जाईल.

बोकोबा | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

काका, तुमच्या 'उशिरा शिरली' वरून आठवलं. रोम आणि कार्थेज यांच्यात तह करायचा राहूनच गेला होता म्हणे. तो १९८५ मध्ये दोन्ही शहरांच्या महापौरांनी सह्या करून उरकला. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा वाद त्या मानानं ताजा आहे.

गावठी_इतिहासकार | १० फेब्रुवारी, दुपारी १:४०

काका, मिठाचं मान्य. शाळेच्या पुस्तकात होतं म्हणून बोललो. बोकोबा, सोसायटीवरून रोमचा तो केटो आठवला. सिनेटमध्ये विषय कोणताही असो, भाषणाचा शेवट 'आणि कार्थेज नष्ट झालंच पाहिजे' असा. प्रत्येक सर्वसाधारण सभेत टाकीच्या गळतीवर येणारे एक गृहस्थ आमच्याकडेही आहेत.

पाहुणी_माघारी | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

मी ट्युनिसमध्ये तीन वर्षं राहिले आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

शहराचा नकाशा डोक्यात बसवायला सोपा आहे. मधोमध हबीब बुर्गिबा अव्हेन्यू, दुतर्फा झाडांचा रुंद फ्रेंच रस्ता. एका टोकाला घड्याळाचा मनोरा आणि पलीकडे टीजीएम या लोकल गाडीचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला बाब अल बहर ही कमान. तिथून जुनं शहर, मदिना, सुरू. बाब अल बहर म्हणजे 'समुद्राचं दार'. दारात उभं राहिलं की समुद्र कुठेच दिसत नाही, नवे लोक चक्रावतात. पूर्वी सरोवराचं पाणी आणि दलदल बरीच जवळ होती. १८८१ मध्ये बार्डोचा तह करून फ्रेंच आले, त्यांनी भराव टाकून त्यावर नवं शहर वसवलं. तटाची भिंत पुढे पाडली, दार तेवढं एकटं चौकात राहिलं.

याच अव्हेन्यूवर १४ जानेवारी २०११ ला लोक जमले आणि त्याच संध्याकाळी तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. घड्याळाच्या चौकाला आता त्या तारखेचं नाव आहे. मला तिथल्या शेजारणीनं कॅफेची एक खुर्ची दाखवून सांगितलं होतं, "मी इथे होते." एवढंच बोलली, कॉफी संपवली.

मदिनात शिरल्यावर बाजार धंद्यांप्रमाणे लावलेले दिसतील, पुण्याच्या तांबट आळीसारखे. पण त्यातही उतरंड आहे. मशिदीला लागून अत्तारवाले, पुस्तकं, उंची कापड. वास मारणारे नि गोंगाटाचे धंदे, रंगारी, चर्मकार, लोहार, लांब कडेला. नाक हाच नकाशा. सूक म्हणजे बाजार. सूक अल बिर्का नावाचा एक चौक आहे, आता तिथे सोनार बसतात. पूर्वी माणसं विकायचे. अहमद बे या राजानं तो बाजार बंद केला आणि १८४६ मध्ये गुलामगिरीच उठवली. अमेरिकेच्या एकोणीस वर्षं आधी.

साबांसाठी: मदिनात वाहनं नाहीत, दगडी फरशी, चढ हलका. सकाळी दहाच्या आत जा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, पण दारं नीट बघायला मिळतात. पिवळी, निळी, काळ्या खिळ्यांची नक्षी ठोकलेली. काही दारांना दोन-तीन कड्या असतात. पुरुषाची, बाईची, पोराची वेगळी, आवाजावरून आत कळावं कोण आलंय, असं गाइड सांगतात. गाइडचं सांगणं म्हणून घ्या.

धागेदोरे | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:००

मदिनात गेलात तर सूक अश-शवाशीन चुकवू नका. तिथे शेशिया करतात, ट्युनिसची लाल लोकरी टोपी. मी विणकामवेडी, दोन तास हललेच नाही.

आधी बायका पांढऱ्या लोकरीची टोपी विणतात. केवढी? माझ्या डोक्यावर घातली तर खांद्यापर्यंत आली! मग ती गरम पाण्यात साबण लावून तुडवतात, ती आटून निम्मी होते आणि विणीचे टाके दिसेनासे होतात, नुसता घट्ट नमदा. त्यानंतर दुकानातला म्हातारा ती गुडघ्यावर ताणतो आणि एका रानटी झाडाचं वाळलेलं काटेरी बोंड घेऊन घासत बसतो. लोखंडी ब्रश नाही, बोंडच. त्याचे काटे टोकाला वाकडे असतात, लव वर ओढतात पण धागा तोडत नाहीत. मग रंग, परत घासणी. हात लावला तर मखमल. १६०९ नंतर स्पेनमधून हाकललेले मुसलमान हजारोंनी इथे आले, त्यांनी हा धंदा भरभराटीला आणला. एकेकाळी शेकडो कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हाताऱ्याचा मुलगा शेजारी मोबाइलवर फुटबॉल बघत होता.

चिंगी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३२

वाखुसा (वाचनखूण साठवली)! धागेदोरेताई, टोपी घेतली की नाही?

धागेदोरे | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

दोन. एक नवरा घालतो, एक मी कपाटात लपवली आहे.

उंडगा_बाळ्या | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

दोन सावधगिरीच्या सूचना, स्वतः ठेच खाऊन.

एक. मदिनात कोणीतरी भला माणूस म्हणेल, "आज गच्चीवरून फार छान दिसतं, आजच उघडी आहे." गच्ची खरी असते, टाइल्सही सुंदर, मनोराही दिसतो. पण खाली उतरायचा रस्ता गालिच्याच्या दुकानातून जातो. मी चहा प्यायलो, आठ गालिचे उलगडले गेले, आणि शेवटी लाजेकाजेस्तव एक अत्तराची बाटली घेऊन सुटलो. अत्तर कसलं, जुलाबाच्या औषधासारखा वास.

दोन. एका दिनारचे शंभर नाही, हजार मिलिम. आणि बोलताना लोक मिलिममध्ये बोलतात. पहिल्याच टॅक्सीवाल्यानं मला फ्रेंचमध्ये "सात हजार" सांगितलं. मी दार उघडून उतरायच्या बेतात. तो सात दिनार म्हणत होता. आणखी एक, दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे, उरलेले विमानतळावर बदला.

मीठभाकर | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:३१

सात हजारात तर तीन गालिचे आले असते.

स्वयंपाकघर_सुमन | ११ फेब्रुवारी, रात्री ८:५०

साबांच्या जेवणाचं बोलते. बोकोबांनी थट्टा केली पण खरं आहे. तिथे सॅलडवर ट्युना, पिझ्झावर ट्युना, तळलेल्या ब्रिकमध्ये (पातळ पोळीची घडी) अंडं आणि वर ट्युना. मासा हे त्यांच्या हिशेबी मांसात धरतच नाहीत. आधीच 'सां तों' म्हणायचं, म्हणजे ट्युना नको. भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोचं मेशुया सॅलड म्हणजे आपलं भरीतच, साबांना आवडेल.

आणि लबलबी! छोले शिजवलेल्या पाण्यासकट गरम वाडग्यात. शिळा पाव आपल्या हातानं कुस्करायचा, मग दुकानदार त्यावर छोले, जिरं, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि हारिसा घालतो. अंडं, ट्युना नको म्हणायचं. शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हारिसा म्हणजे वाळक्या लाल मिरच्या भिजवून लसूण, धणे, शहाजिरं घालून वाटलेली चटणी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपला ठेचा अजून रांगेत.

कोल्हापूरची_झणझणीत | ११ फेब्रुवारी, रात्री ९:०२

म्हणजे मिसळच की. फरसाण विसरलेली.

स्वयंपाकघर_सुमन | ११ फेब्रुवारी, रात्री ९:०८

मिसळीत पाव बाजूला असतो, इथे तळाशी. शिवाय शहाजिऱ्यानं चव अगदी वेगळी लागते. कोल्हापूरकरांना जगात सगळीकडे मिसळ दिसते.

तलवारबाज | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

थोडं अवांतर. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. आफ्रिकेत लढले, मग इटलीत कैदेत होते, असं आजी सांगायची. ट्युनिसजवळ मोठं युद्ध झालं होतं ना? तिथे कुठे त्यांच्या पलटणीचं स्मारक असेल का?

निवांत_काका | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

तलवारबाज, कैदेचं आजींनी सांगितलं असेल तर ट्युनिस नसावं. मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली, आणि दुसरी जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. तोब्रुक लिबियात. तिथले कैदी इटलीला नेले, म्हणजे तुमचा धागा तिथे जुळतो. रेजिमेंटच्या नोंदींत नाव निघेल, प्रयत्न करा.

ट्युनिशियात १९४३ ला चौथी भारतीय डिव्हिजन होती, त्यात गुरखे, राजपुताना रायफल्स वगैरे. सुभेदार लालबहादूर थापा आणि हवालदार मेजर छेलूराम यांना तिथल्याच लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छेलूराम मरणोत्तर. त्यांचं दफनस्थळ स्फॅक्सच्या युद्धस्मशानात आहे. उमाताई, नवरोबांना सांगा, सुट्टीच्या दिवशी जाऊन या. जर्मन सेनापती फॉन आर्निम १२ मे १९४३ ला याच डिव्हिजनपुढे शरण आला. बार्डोचा तहही १२ मे चाच, १८८१ चा.

तलवारबाज | १२ फेब्रुवारी, दुपारी १:०५

काका, तोब्रुक! आजी 'तोबरूक' म्हणायची, आम्ही समजायचो घोड्याच्या तोबऱ्याचं काहीतरी सांगतेय. खूप आभार. आज आईला फोन करतो.

अश्विनी_नको_अश्विन | १२ फेब्रुवारी, रात्री १०:००

कार्थेजला तोफेत नावाची जागा आहे, तिथे लहान मुलांचे बळी द्यायचे. साबांना नेऊ नका, रात्री झोपायच्या नाहीत.

पाहुणी_माघारी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

इतकं ठाम नको. तिथे मडक्यांत बाळांच्या आणि कोकरांच्या जळालेल्या हाडांची राख आहे आणि वर तानित देवीचं चिन्ह कोरलेल्या लहान शिळा आहेत, एवढं नक्की. त्रिकोण, वर आडवी रेघ, तिच्यावर गोल. लहान मुलानं पाटीवर बाई काढावी तसं. काही अभ्यासक म्हणतात बळीच, काही म्हणतात उपजत गेलेल्या मुलांचं हे स्मशान. बळीचं लिहून ठेवणारे ग्रीक आणि रोमन, म्हणजे प्रतिपक्षाचे वकील. जागा झाडीची, ओलसर, शांत आहे. मी गेले तेव्हा एक मांजर शिळेवर ऊन खात बसली होती.

गावठी_इतिहासकार | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

इतिहासकार इब्न खल्दूनचं नाव अजून कोणीच काढलं नाही? १३३२ मध्ये ट्युनिसमध्ये जन्मला. अव्हेन्यूवर कॅथेड्रलसमोर त्याचा पुतळा पुस्तक घेऊन उभा आहे. राज्यं का चढतात आणि का बुडतात याचा त्यानं सिद्धांत मांडला. घराणं चार पिढ्यांचं: पहिला कमावतो, दुसरा त्याला कमावताना बघतो म्हणून सांभाळतो, तिसरा नुसती नक्कल करतो, चौथ्याला वाटतं हे सगळं जन्मानंच आपलं आहे. आमच्या पेठेतल्या वाड्यांचा इतिहास त्यानं इतक्या लांब बसून कसा लिहिला कळत नाही.

बोकोबा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:५८

मी तिसऱ्या पिढीतला. चौथी आत्ता कार्टून बघतेय.

उनाड_उमा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दिराला हा धागा पाठवलाय, त्याचं उत्तर फक्त एक अंगठा. काकांचा क्रम पाळणार: आधी कार्थेज, मग मदिना. आल्यावर लिहीन.

चिंगी | ३ मे, दुपारी ३:००

धागा वर काढतेय. उमा, काय झालं पुढे?

उनाड_उमा | ४ मे, रात्री ११:१५

परत येऊन आठवडा झाला, कपडे धुऊन झाले, आता लिहिते.

टीजीएमनं गेलो. १८७२ पासूनची लाइन, सरोवराच्या मधून बांधावरून जाते, दोन्हीकडे पाणी, लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. पोरं दार धरून बाहेर लटकलेली. साबा म्हणाल्या, "डोंबिवली आली की काय." स्टेशनांची नावं कार्थेज सलांबो, कार्थेज बिर्सा, कार्थेज हॅनिबल! हॅनिबल स्टेशनच्या पाटीखाली माझा फोटो आहे. दिराला पाठवला.

बिर्साची टेकडी साबांनी अर्ध्यावर सोडली. मी एकटी वर गेले. तिथे खरंच हॅनिबलच्या काळातली घरांची एक वस्ती उघडी केली आहे. वर रोमनांनी टेकडीचा माथा सपाट करायला जो भराव टाकला त्याखाली ती दबून वाचली. वैऱ्यानंच जपून ठेवली म्हणायची. युद्धबंदराची जागा आज एक गोल तळं आहे, भोवती बंगले. २२० जहाजं राहायची म्हणे, आता दोन होड्या आणि एक गळ टाकून बसलेला मुलगा.

अँटोनाइनची स्नानगृहं समुद्राला अगदी खेटून. गावठीराव, वैऱ्याचं का असेना, न्हाणीघर भारी आहे. आज दिसतं ते नुसतं तळघर, त्याचाच एकेक खांब चार माणसांच्या कवेत मावणार नाही. मी फोटो काढायला वळले तर लांबून शिट्टी. शेजारी राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, त्या दिशेला कॅमेरा चालत नाही. साबांनी शिपायाला हात जोडून नमस्कार केला, त्यानं छातीवर हात ठेवून उलट नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी बार्डो. २०१५ च्या हल्ल्यात गेलेल्या पर्यटकांचं स्मारक बघून आत जाताना पाय जड झाले. आत मात्र तहानभूक विसरलो. डोलकाठीला बांधून घेतलेला ग्रीक कथेतला युलिसिस आणि पक्ष्यांच्या पायांच्या, गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन, सगळं चित्र नखाएवढ्या दगडांचं. साबांनी विचारलं, "हे रांगोळीसारखं आधी आखून घेत असतील का?" मला उत्तर आलं नाही.

आणि मदिना. झितूनाच्या प्रार्थनागृहात आपल्याला प्रवेश नाही, बाहेरूनच पाहिली. तिथून अत्तारांच्या गल्लीतून पुढे आलो तर साबांचे गुडघे संपले. एका कमानीच्या कोपऱ्यावर त्या टेकून उभ्या राहिल्या. मी पाण्याची बाटली काढतेय तर त्या म्हणतात, "उमा, हा खांब कार्थेजच्यासारखाच आहे की गं." बघितलं तर खरंच. कमान साधी, चुन्यानं रंगवलेली, आणि तिच्या कोपऱ्यात भिंतीत चिणलेला रोमन खांब, माथ्यावर कोरलेली पानं, त्यांच्यावरही चुना. खालचा भाग लोकांच्या खांद्यांनी घासून काळाभोर गुळगुळीत झालेला. त्यानंतर दोन तास आम्ही दुसरं काही केलं नाही. कोपरा आला की साबा आधी जाऊन खांब तपासायच्या. सतरा मोजले. एका खांबाला चपलांची माळ टांगली होती, ती साबांनी बाजूला करून पाहिली, दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं. शेवटी घ्याव्याच लागल्या.

निवांत_काका | ५ मे, सकाळी ८:००

सतरा! मी अकरावर थांबलो होतो. सासूबाईंना माझा दंडवत सांगा.

स्वयंपाकघर_सुमन | ५ मे, सकाळी ९:१०

ते सगळं ठीक, लबलबी खाल्ली का?

उनाड_उमा | ५ मे, सकाळी ९:२५

साबांनी दोनदा. पाव इतका बारीक कुस्करला की दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावून दाखवला. 'सां तों' आता त्यांना पाठ आहे. काल भाजीवाल्याला सांगत होत्या.